नावाड्याची साकी

शमशोन झिराडकरांना इस्राएलमधल्या आमच्या किर्यात मलाखी गावात सगळे मास्तर म्हणत, पण १९६२ च्या उन्हाळ्यापर्यंत ते इथे मास्तर नव्हते. ते संत्र्यांच्या पॅकिंग हाऊसमध्ये कामाला होते. पट्ट्यावरून येणारं संत्रं उचलायचं, पातळ कागदात गुंडाळायचं आणि देठ वर करून पेटीत ठेवायचं, हे त्यांचं काम. हंगाम हिवाळ्याचा. उन्हाळ्यात कधी सरकारी झाडं लावायला बोलावत, कधी बोलावत नसत. मुंबईत उमरखाडीजवळच्या एका शाळेत त्यांनी वीस-बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. इथे आल्यावर उलपानमध्ये, म्हणजे नव्या लोकांच्या हिब्रू वर्गात, ते दोनदा बसले आणि दोन्ही वेळा मागे राहिले. प्रार्थनेच्या पुस्तकातली हिब्रू त्यांना तोंडपाठ होती. दुकानात दूध मागताना ती कामाला येत नसे.

मुंबईत त्यांचं दुसरंही एक काम होतं. ते कीर्तन करत. आपल्या बेने इस्राएल लोकांत, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंत, कीर्तनं होत असत, हे आता घरातल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. कथा पवित्र शास्त्रातली, योसेफाची, रूथची किंवा दावीदाची, भाषा मराठी, साथीला पेटी आणि झांजा. कथा सांगत सांगत मध्येच साकी, मध्येच दिंडी गायची, श्रोत्यांनी ध्रुपद धरायचं, आणि शेवटी बुवांनी अर्थ सांगायचा. मास्तरांचा अर्थ नावाजलेला होता. त्या वेळी ते आवाज खाली आणत. पनवेलपासून अलिबागपर्यंतच्या म्हाताऱ्या बाया त्या क्षणासाठी पदर हातात धरून बसत.

त्या वर्षी शाळा उघडायच्या सुमारास आमच्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या बाई लग्न करून तेल अविवला निघून गेल्या. मी त्या शाळेचं ऑफिस सांभाळत होतो. हेडमास्तर योएल रूमानियाहून आलेले, गणिताचे गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, "रूबेन, तुमच्या लोकांत इंग्रजी कोणाला येतं?"

"येतं असं सगळेच म्हणतात. खरोखर येणारा एक आहे. संत्री गुंडाळतो."

"त्याला हात धुऊन यायला सांग," योएल म्हणाले.

नेमणूक तात्पुरती होती. अट योएलनी पहिल्याच दिवशी सांगितली. अकरावीचा जो वर्ग मास्तरांच्या हाती देत होते, तो १९६४ च्या उन्हाळ्यात बग्रुतला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या सरकारी परीक्षेला, बसणार होता. तो वर्ग इंग्रजीत पास झाला तर मास्तर कायम. नाहीतर नवा माणूस बघायचा. मास्तरांनी मान डोलावली. त्यांचं वय त्रेपन्न होतं आणि पॅकिंग हाऊसवाले पुन्हा घेतीलच असं नव्हतं.

पहिल्या दिवशी वर्गात गडबड चालली होती. मास्तरांना 'गप्प बसा'ला चालू हिब्रू शब्द आठवेना. त्यांनी तोऱ्यातल्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातल्या, मोशेच्या भाषेत, हात वर करून, सर्व लोकांनी कान द्यावा असं सांगितलं. वर्ग खरोखर गप्प झाला, मग हसला. त्या दिवसापासून पोरं त्यांना कॉरिडॉरमध्ये हात वर करून सलाम करू लागली. इथली मुलं शिक्षकाला पहिल्या नावाने हाक मारतात, हेही मास्तरांना नवीन होतं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "सिम्हा, सतरा वर्षांचा पोर मला शमशोन बोलतो."

सिम्हाबाई म्हणाल्या, "मग काय बोलेल? तुमचं नाव अवराम आहे काय?"

परीक्षेचा निम्मा भाग साहित्याचा होता. एक पातळ पुस्तक नेमलेलं, त्यात काही लघुकथा आणि काही कविता. कवितेच्या ओळी आठवणीने लिहायच्या आणि अर्थ सांगायचा. मास्तर मुंबईच्या पद्धतीने शिकवू लागले. ते वाचत, कठीण शब्द फळ्यावर लिहीत, मग सारांश सांगत आणि मुलांनी तो उतरवून घ्यावा अशी अपेक्षा ठेवत. मुंबईत मुलं उतरवून घेत. इथे उझी नावाचा एक मुलगा, ज्याचा बाप ट्रक चालवी, तो मागच्या बाकावरून म्हणाला,

"शमशोन, ही कविता लिहिणारा जिवंत आहे का?"

"नाही. वारला."

"मग आपण नाही वाचली तर त्याला कसं कळणार?"

 मास्तरांनी पुढचा कठीण शब्द फळ्यावर लिहिला. असे तीन-चार महिने गेले. सहामाही चाचणीत वर्गातली बरीच मुलं नापास झाली, आणि योएलनी माझ्याकडे तेल अविवच्या एका ओळखीच्या शिक्षकाचा पत्ता शोधून ठेवायला सांगितला.

बदल झाला तो जानेवारीत. पाऊस होता, वर्गातली रॉकेलची शेगडी बिघडली होती आणि मुलं कोट घालून बसली होती. पुस्तकातली कथा दोन भावांची होती. धाकटा भाऊ थोरल्याचा घोडा चोरून विकतो आणि घोडा हरवला म्हणून सांगतो. थोरला गावोगाव शोधत फिरतो. मास्तरांनी काय विचार केला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढं खरं की त्यांनी पुस्तक मिटलं, टेबलापुढे येऊन उभे राहिले आणि योसेफाच्या भावांची कथा कीर्तनात जशी सांगत, तशी या दोन भावांची सांगायला लागले. इंग्रजी सोपं, अडेल तिथे हिब्रू, आणि हातवारे सगळे कोकणातले. थोरला बाजारात पोचतो, गर्दीत कुठेतरी घोडा खिंकाळतो, आणि थोरला थांबतो. इथे मास्तरही थांबले. घंटा झाली. ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उझी ऑफिसच्या दाराशी त्यांची वाट पाहत उभा होता. "तो घोडा त्याचाच ना?"

"पुस्तकात आहे," मास्तर म्हणाले.

उझीने पुस्तक उघडलं. ते अजून नवंच होतं, पानं एकमेकांना चिकटलेली.

त्यानंतर मास्तरांनी मागे पाहिलं नाही. कथा झाल्या, मग कवितांकडे वळले. पुस्तकात एका म्हाताऱ्या नावाड्याची कविता होती. नदीवर पूल झाला आहे, माणसं पुलावरून जातात, तरी नावाडी रोज संध्याकाळी होडी काठाला आणतो, कंदील लावतो आणि बसतो. एवढीच कविता. मास्तरांनी ती साकीच्या चालीत बसवली. इंग्रजी ओळी साकीत बसायला तयार नव्हत्या. मास्तरांनी त्या बसवल्या. दुसऱ्या ओळीच्या शेवटी अक्षरं कमी पडत, तिथे कीर्तनात घालतात तसा एक 'हो' घातला. मुलं बाकावर बोटांनी ठेका धरत आणि शेवटची ओळ सगळी मिळून म्हणत. मग मास्तर आवाज खाली आणत आणि अर्थ सांगत: नदी म्हणजे आयुष्य, होडी म्हणजे देह, नावाडी म्हणजे श्रद्धा, जग पुलावरून गेलं तरी श्रद्धेने आपला दिवा विझवू नये. मोरोक्कोची, रूमानियाची, आपली, सगळी मुलं हा अर्थ ऐकत आणि पाठ करत.

एकदा योएल अंगणातून ऑफिसात आले. "रूबेन, वरच्या वर्गात कोणाचं लग्न आहे?"

"इंग्रजीचा तास आहे."

त्यांनी थोडा वेळ ऐकलं. "हिशेब साधा आहे," ते म्हणाले. "पास झाले तर पद्धत. नापास झाले तर तमाशा."

तेल अविवचा पत्ता मात्र त्यांनी टाकून द्यायला सांगितला नाही.

घरी सिम्हाबाईंना ही बातमी बाहेरून कळली. आमच्याकडे आल्या तेव्हा माझ्या बायकोला म्हणाल्या, "तीस वर्षं मी यांचं कीर्तन ऐकतेय. मी बोलली, इस्राएलला आलो, आता सुटली. तर हे आता इंग्रजीत पण चालू झाले." मग चहा पिता पिता म्हणाल्या, "मी एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोलली आहे. पोरं पास झाली, हे कायम झाले, की करीन. पोहे भावाला मुंबईहून पाठवायला सांगितलेत. इथला तांदूळ कुटून होत नाही, मी करून बघितलं. लापशी झाली." एलियाहू हन्नबी म्हणजे आमच्या लोकांचा नवसाला पावणारा संदेष्टा; त्याच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतात.

१९६४ चा जून आला. परीक्षा आमच्याच शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये होती आणि देखरेखीला बाहेरगावच्या एक बाई आल्या होत्या. नियमाप्रमाणे मास्तरांना आत यायची परवानगी नव्हती. ते अंगणातल्या निलगिरीखाली उभे होते. मी कोरे कागद घेऊन हॉलच्या दाराशी होतो, म्हणून पुढचं मला पाहायला मिळालं.

खमसिनचा दिवस, वाळवंटाकडचा गरम वारा. पहिला तास शांततेत गेला. मग मुलं कवितेच्या प्रश्नाकडे आली. प्रश्न नावाड्याचाच होता. पहिल्या रांगेत तोवा बसली होती. मोरोक्कोतल्या मेक्नेसहून आलेल्या एका चांभाराची ही मुलगी, वर्गात सर्वांत हुशार आणि सर्वांत कमी बोलणारी. तिने डोळे मिटले आणि बाकावर बोटं आपटायला सुरुवात केली. मागून उझीने. मग तिसऱ्या रांगेत कोणीतरी गुणगुणलं. थोड्याच वेळात अर्ध्या हॉलमधून बोटांचा ठेका ऐकू यायला लागला, आणि तो एकच होता.

बाई उठल्या. "हे काय चाललंय?"

ठेका थांबला. लेखण्याही थांबल्या.

"बाई, त्याच्याशिवाय आठवत नाही," तोवा म्हणाली.

"कशाशिवाय?"

 बाईंनी सर्वांना मोकळा हात बाकावर पालथा ठेवायला लावला. मुलांनी एका हाताने लिहिलं, दुसरा पालथा. पण पायांकडे बाईंचं लक्ष नव्हतं, आणि उझीचे बूट जाड होते.

बाईंनी आपल्या अहवालात लिहिलं की परीक्षार्थी ठरलेल्या खुणांनी एकमेकांना उत्तरं पुरवत असल्याचा संशय आहे. पेपर तपासणाऱ्यांना तो संशय पक्का वाटला, आणि त्यांचंही चुकलं नाही. कवितेच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी, मूळ पुस्तकात नसलेला एक 'हो', जवळजवळ प्रत्येक पेपरात इंग्रजी अक्षरांत लिहिलेला होता. खाली नदी म्हणजे आयुष्य, होडी म्हणजे देह, नावाडी म्हणजे श्रद्धा, हेही प्रत्येक पेपरात, त्याच क्रमाने. वर्गाचा निकाल रोखून ठेवला गेला.

योएलनी मास्तरांना बोलावलं. मी तिथेच होतो. "खरं सांगा. कॉपी आहे?"

"कॉपी नाही," मास्तर म्हणाले. "पाठांतर आहे. मुंबईत याला अभ्यास म्हणतात."

"आणि हा 'हो' कुठून आला?"

"तो माझा."

"कशासाठी?"

"चाल पुरी होत नव्हती."

 योएल मला म्हणाले, "तो तेल अविवचा पत्ता काढून ठेव." मास्तरांसमोर म्हणाले. लपवाछपवीचा त्यांचा स्वभाव नव्हता.

जुलैच्या सुरुवातीला शुलामित नावाच्या तपासनीस बाई वर्गाची तोंडी फेरतपासणी घ्यायला आल्या. वय साठीच्या आसपास, जन्म प्रागचा, केस पांढरे, पायात सपाट सँडल. त्यांनी मास्तरांना वर्गात बसू दिलं, पण सगळ्यात मागे, आणि तोंड उघडायचं नाही या अटीवर. मी नोंद घ्यायला बाजूला बसलो.

त्यांनी तोवाला उभं केलं. "नावाड्याची कविता म्हण."

तोवा उभी राहिली. पहिला शब्द तिच्या तोंडून निघाला आणि पुढे काही येईना. तिची बोटं फ्रॉकला लागली आणि तिने ती मागे घेतली.

"नेहमी म्हणतेस तशी म्हण," शुलामित म्हणाल्या.

तोवाने मागे मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. मग तिने साकी गायली. आवाज बारीक, पण सूर बरोबर. दुसऱ्या ओळीला 'हो' आला. शेवटच्या ओळीला सगळा वर्ग, कोणी न सांगता, तिच्यात मिसळला, आणि मग सगळे एकदम गप्प झाले, आपण आणखी काही गुन्हा केला की काय अशा चेहऱ्याने.

शुलामितबाईंनी चष्मा पुसला. "हा 'हो' मला कळला," त्या म्हणाल्या. "आता अर्थ सांग."

तोवाने नदी, होडी आणि श्रद्धा सांगितली. त्यांनी उझीला विचारलं. त्यानेही तेच सांगितलं. आणखी दोघांना विचारलं. तेच.

"हा अर्थ कोणाचा?"

"शमशोनचा," उझी म्हणाला.

"आणि तुझा?"

उझीने खांदे उडवले. शुलामितबाई पुन्हा तोवाकडे वळल्या. "पूल झाला आहे. होडीत कोणी बसणार नाही हे म्हाताऱ्याला दिसतंय. तो वेडा नाही. मग का येऊन बसतो? शमशोनने काय सांगितलं ते नको. तुला काय वाटतं?"

 मास्तरांनी बाकाची कड धरली होती. त्यांची नोकरी त्या मुलीच्या उत्तरावर होती हे त्यांना कळत होतं, मुलीलाही कळत होतं, आणि ते उत्तर त्यांनी तिला कधी शिकवलेलं नव्हतं.

"श्रद्धा वगैरे काही नाही," तोवा शेवटी म्हणाली. सुरुवात इंग्रजीत केली, मग इंग्रजी संपलं तशी हिब्रूत गेली. "माझे बाबा मेक्नेसला जोडे शिवायचे. इथे सगळे दुकानातून तयार जोडे घेतात. बाबा रस्त्याच्या कामावर जातात. पण शब्बाथ संपला की ऐरण आणि हातोडी घेऊन दाराशी बसतात. कोणी येत नाही. कोणी येईल म्हणून बसत नाहीत. त्यांना दुसरीकडे कुठे बसायचं ते माहीत नाही."

शुलामितबाईंनी विचारलं, "कंदील कशाला लावतो मग?"

तोवा म्हणाली, "अंधार होतो म्हणून."

मागून उझी म्हणाला, "माझं मत वेगळं आहे. तो पूल बांधणाऱ्यांना चिडवतो." त्यावर दुसरी एक मुलगी म्हणाली की त्याची बायको घरात कटकट करत असेल. वर्ग हसला. तपासणीचा उरलेला वेळ नावाडी तिथे का बसतो या वादात गेला, आणि इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी त्यात कोणाचंही वाक्य दुसऱ्यासारखं नव्हतं. मास्तर अटीप्रमाणे गप्प राहिले.

शुलामितबाई बस पकडायला गेल्यावर मास्तरांनी तोवाला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"जोड्यांचं हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

"बरोबर," मास्तर म्हणाले आणि तिची वाट सोडली.

निकाल ऑगस्टमध्ये आला. कॉपीचा आरोप काढून टाकला होता. ओळी लिहिण्याचे गुण सगळ्यांना मिळाले; 'हो'चा प्रत्येकी एक गुण कापला होता. अर्थाच्या प्रश्नाचे लेखी गुण कोणालाच मिळाले नाहीत, कारण अर्थ एकाच माणसाचा होता. तोंडीचे गुण धरून तीन मुलं सोडता वर्ग पास झाला. योएलनी निकाल दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "कायम नेमणुकीचे कागद तयार कर. आणि त्याला सांग, गाणं ठेव, अर्थ सोड." तेल अविवचा पत्ता त्यांनी स्वतःच फाडला.

मलिदा सप्टेंबरात झाला, सणांच्या आधी. मुंबईचे पोहे वेळेवर पोचले होते. सिम्हाबाईंनी त्यात खोबरं, साखर, वेलची घालून ताट मोठं केलं, वर केळी, खजूर, द्राक्षं मांडली. शिकूनच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, त्या दोन खोल्यांत आमचे बरेच लोक आले होते. तोवा आणि उझीही आले आणि दाराजवळ उभे राहिले. प्रार्थना झाली, एलियाहू हन्नबीचं गाणं झालं, आणि म्हाताऱ्यांनी मास्तरांना कीर्तनाचा आग्रह केला. चार वर्षांत मराठी कीर्तन झालं नव्हतं. पेटी नव्हती; झांजा होत्या.

मास्तरांनी योसेफ लावला. रंगीत झगा, भावांचा मत्सर, कोरडी विहीर, मिसरला जाणारे व्यापारी. साक्या जुन्याच. तोवाला आणि उझीला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण चाल ओळखीची लागली तशी उझीची बोटं दारावर वाजायला लागली. भाऊ रक्ताने भिजलेला झगा बापापुढे ठेवतात, बाप तो ओळखतो, इथवर मास्तर आले. आता आवाज खाली यायचा. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी पदर हातात घेतला.

मास्तर खाली बसले.

 मग पेणकरांचे म्हातारे म्हणाले, "मास्तर, अर्थ राहिला."

"तो आज तुम्ही सांगा."

"आम्ही? मग तुम्हाला कशाला बोलावलं? अर्धं कीर्तन करून बसलात, तर मलिदापण अर्धाच मिळेल."

लोक हसले. अर्थ कोणी सांगेना. तेव्हा सिम्हाबाई मलिद्याच्या ताटामागून म्हणाल्या, "मी सांगू?"

मास्तरांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. "सांग."

"सगळी चुकी बापाची," सिम्हाबाई म्हणाल्या. "इतके पोर घरात, नि एकालाच रंगीत झगा कशाला शिवायचा? शिवला तर शिवला, तो घालून त्याला भावांकडे रानात कशाला पाठवायचा? तीस वर्षं मला असंच वाटतंय."

पेणकरांचे म्हातारे म्हणाले की याकोब आपले पूर्वज आहेत आणि असं बोलणं बरं नाही. आजीबाई म्हणाल्या, बरोबर बोलते ती, माझ्या सासऱ्यानेपण असंच केलं होतं. मग कोणीतरी धाकट्या बेन्यामिनाची बाजू घेतली, कोणी व्यापाऱ्यांना दोष दिला, आणि दोन्ही खोल्यांत एकच बोलणं सुरू झालं. उझीने तोवाला विचारलं काय चाललंय. ती म्हणाली, मला वाटतं, परीक्षा.

केळी काळी पडायला लागली तेव्हा सिम्हाबाईंनी मलिदा वाटायला घेतला. मास्तर झांजा मांडीवर ठेवून बसले होते आणि प्रत्येकाचं म्हणणं पुरं होईपर्यंत त्याच्याकडे बघत होते.